पोचलेला शब्द

वाङ्मयाची चर्चा करताना कथा, काव्य, नाटक आणि फार झाले तर लघुनिबंध यांच्यापलीकडे दृष्टी टाकण्याची आपल्या टीकाकारांना सवय नाही. पत्रे त्यांनी इतिहाससंशोधकांच्या हवाली केली, आणि सरकारी पत्राला तर वाङ्मयाच्या उंबरठ्यापाशीही फिरकू दिले नाही. या मासिकाचे बहुसंख्य वाचक मात्र नोकरीनिमित्त परप्रांती वसलेले अधिकारी आहेत. त्यांचा दिवस टिपणे, आदेश आणि पत्रोत्तरे लिहिण्यात जातो. एखाद्या नामवंत कादंबरीकाराच्या हातून लिहिले जात नसतील इतके शब्द त्यांच्या हातून लिहिले जातात. त्या शब्दांपैकी पोचतात किती, हा प्रश्न आम्हांस वाङ्मयाचाच प्रश्न वाटतो. म्हणून या वेळी नव्या पुस्तकांचा परामर्श बाजूला ठेवून आम्ही मराठीतील तीन जुन्या गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली आहे एक पत्र, दुसरी कीर्तन आणि तिसरी चित्रकथा. लिहिणे, बोलणे आणि दाखवणे या तिन्ही वाटांनी शब्द पोचतो कसा, हे त्यांवरून उमगावे.

पहिले पत्र शिवछत्रपतींचे आहे. ते १६७० च्या दशकात, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले आहे. हे पत्र इतिहासाचे साधन म्हणून अनेकांनी वाचले आहे आणि रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून त्यातील काही भाग भाषणांतून वारंवार सांगितला जातो. परंतु ते लेखन म्हणून कसे घडले आहे, याचा विचार फारसा झालेला नाही.

सांगायचे होते ते थोडेच. पावसाळ्यापुरता दाणावैरणीचा साठा आहे, तो जपून वापरा. रयतेला उपद्रव देऊ नका. गवताला आग लागू देऊ नका. आजच्या कचेरीत हा मजकूर तीन कलमांत आटोपला असता आणि तिन्ही कलमे फलकावर डकवून प्रत्येकाने आपली जबाबदारी संपली असे मानले असते. या पत्रात मात्र प्रत्येक सूचनेमागून तिचा परिणाम चालत येतो. आज साठा मनमानी उडवाल तर ऐन पावसाळ्यात तो सरेल. सरला की घोडी मरू लागतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूड. आणि त्या कुणब्याला वाटेल की मोगल आले होते त्यांच्याहून हे वाईट. आगीची गोष्टही अशीच. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर ती जळती वात ओढून नेईल. एक खण पेटला की सगळे खण जातील. मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी खण उभारायला एक लाकूड मिळायचे नाही.

तो उंदीर पाहावा. राज्याच्या धन्याने आपल्या सरदारांना लिहिलेल्या पत्रात उंदराचे काय काम, असे एखाद्या शिष्ट लेखनिकास वाटले असते. परंतु हा उंदीर पत्रात आला तो अलंकार म्हणून आलेला नाही. लिहिणाऱ्याने छावणीतली रात्र डोळ्यांपुढे आणली आहे. गवती छपरे, दमलेले शिपाई, विसरलेला दिवा हे सारे त्याने पाहिले आहे, आणि वाचणाराही रोज हेच पाहतो हे त्यास ठाऊक आहे. ‘दक्षता घ्यावी’ ही आज्ञा वाचून कोणी उठून दिवा विझवीत नाही. उंदीर डोळ्यांपुढे आला की मनुष्य अंथरुणातून उठतो. आज्ञेला कृतीपर्यंत नेणारी ही जी दृष्टी, तीच आमच्या मते या पत्राची वाङ्मयीन गुणवत्ता होय.

येथे शब्दांच्या वादाचा निकाल लावणे प्राप्त आहे. मराठीत राज्यकारभाराची भाषा हा विषय निघाला की चर्चा लगेच परिभाषेकडे वळते. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली. त्या थट्टेवर महाराष्ट्र पोट धरून हसला. परंतु तेव्हा हास्यास्पद वाटलेल्या घडणीचे कितीतरी शब्द आज खेड्यातला मनुष्यही अडखळल्याशिवाय उच्चारतो. जिल्हाधिकारी, संचालक, अधीक्षक हे शब्द आता कोणास कोशातले वाटत नाहीत. शब्द वापराने रुळतो. त्याचा धाक बाळगण्याचे कारण नाही. उलट, चिपळूणच्या पत्रातही फारसी शब्दांची वाण नाही आणि तरीही ते पोचते.

दोष असतो तो वाक्याचा. ‘सूचित करण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘विचाराधीन आहे’ या वाक्यांतला एकही शब्द कठीण नाही. परंतु त्यांत माणूस नाही. सूचना कोण करतो, कार्यवाही कोणी करायची, विचार कोणाच्या मनात चालू आहे, याचा पत्ता लागत नाही. या रचनेचा जन्म नम्रतेतून झाला असे म्हणतात. आमचा अनुभव असा की तिचा उपयोग बहुधा जबाबदारीच्या सावलीतून अंग काढून घेण्यासाठीच होतो. चिपळूणच्या पत्रातली वाक्ये ‘तुम्ही’ला उद्देशून आहेत, लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण याविषयी शंकेला जागाच नाही.

लेखनात वाचणारा दूर असतो आणि त्यास कल्पनेने जवळ आणावे लागते. बोलण्यात तो समोरच बसलेला असतो, तरी पुष्कळ वक्त्यांस तो दिसत नाही. या बाबतीत कीर्तनाइतकी कसलेली शाळा मराठीत दुसरी नाही. नारदीय कीर्तनाची रचनाच पाहावी. पूर्वरंगात एखादे पद वा अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण; मध्यंतरी नामाचा गजर, बुक्का, हार; उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानाच्या रूपाने. ऐकणाऱ्याची बुद्धी किती वेळ ताणता येते, तिला विसावा केव्हा द्यावा, आणि विसाव्यानंतर तीच गोष्ट कोणत्या वेषात पुन्हा आणावी, याचा हा पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेला हिशेब आहे. तो इतका पक्का ठरला की भाषेची सीमाही त्यास आडवी आली नाही. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून तंजावरास गेलेल्या कीर्तनकारांची कला पाहून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेस नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्या कथेत जाऊन बसले. तंजावर, कुंभकोणम् या बाजूस ज्यांची नेमणूक असेल त्यांनी एखादी हरिकथा आवर्जून ऐकावी. शब्द परके वाटले तरी चाल ओळखीची वाटेल.

गाडगे महाराजांचे कीर्तन या चौकटीत बसत नव्हते. साज नाही, आख्यान नाही, पांडित्य तर नाहीच. गावात आल्यावर आधी खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनास उभे राहायचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनाचा अर्धा विषय दिवसा खराट्यानेच मांडून झालेला असे. ज्याने सकाळी आपल्या दारातली घाण काढली तो रात्री स्वच्छतेविषयी बोलू लागला, म्हणजे त्याच्या शब्दाला वेगळे प्रमाण लागत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये, देहावसानाच्या अवघे दीड महिना आधी, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. यंत्राने खराटा टिपला नाही, मुद्रा टिपली नाही. जे टिपले ते बोलण्याचे मर्म. महाराज विधान क्वचितच करतात, ते विचारतात. प्रश्न वऱ्हाडी वळणाचा, उत्तर एका शब्दाचे, आणि त्या उत्तरावर लगेच दुसरा प्रश्न. कर्ज, देवाला बळी, मुलांचे शिक्षण, कोणताही विषय असो, शेवटचा निष्कर्ष महाराजांच्या तोंडून येत नाही. तो ऐकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला असतो. स्वतः उच्चारलेली गोष्ट मनुष्य सहसा नाकारीत नाही. सभा ‘संबोधित’ करणाऱ्या आमच्या वक्त्यांनी हे ध्वनिमुद्रण एकदा ऐकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

तिसरी गोष्ट चित्रकथेची. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने ती जतन केली, आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन तिचा गौरव झाला. कागदावर रंगवलेल्या चित्रांची एक पोथी, तिच्यात रामायण-महाभारतातील एखादे आख्यान. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातो, सांगतो. चित्रातले वीर निश्चल उभे आहेत, मोठ्या डोळ्यांनी पाहत आहेत. त्यांना चालवतो तो आवाज. चित्राने जे दाखवले ते शब्द पुन्हा सांगत बसत नाही, आणि जे शब्दाने सांगायचे ते चित्र दाखवण्याचा हट्ट धरीत नाही. कामाची ही वाटणी हेच त्या कलेचे रहस्य.

हे आम्हांस विशेष जाणवले ते एका मंडळाच्या संक्रांत-समारंभात. एक विद्वान गृहस्थ मराठ्यांच्या दुर्गांविषयी बोलणार होते. पडदा, प्रोजेक्टर, सारी सिद्धता होती. प्रत्येक स्लाइडवर बारीक अक्षरांत आठ-दहा ओळी, आणि गृहस्थ त्याच ओळी पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवीत होते. श्रोत्यांचे डोळे त्यांच्या आवाजाच्या पुढे धावत, आणि ओळ संपवून पुढच्या स्लाइडची वाट पाहत बसत. दुर्गाचे चित्र आले ते शेवटी, एकच, आणि तोवर मुले तिळगूळ घेऊन अंगणात गेली होती. ज्ञानाची उणीव नव्हती, साधनांची नव्हती, तळमळीचीही नव्हती. चित्र, अक्षर आणि आवाज तिघांना एकच काम दिले होते, म्हणून तिघेही निकामी झाले. पिंगुळीच्या चित्रकथ्याने त्याच पडद्यावर नुसता किल्ला ठेवला असता आणि तट कोणी चढला ते स्वतः सांगितले असते.

यावर कोणी विचारील, की वाङ्मय पोचण्याच्या मापाने मोजावे काय? मग जे कठीण ते सारे टाकाऊ ठरणार काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु पोचणे म्हणजे सोपे असणे नव्हे. ज्ञानेश्वरी सोपी नाही. तरी १२९० मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ज्ञानदेव पदोपदी श्रोत्यांकडे वळतात, त्यांची अनुज्ञा मागतात, त्यांच्या मनातली शंका आपणच बोलून दाखवतात, दृष्टांतामागून दृष्टांत देऊन त्यांचा हात धरून वर नेतात. चढण उभी आहे. पण चढणारा एकटा नाही. कठीण विषयाचे लेखन आम्हांस पाहिजेच आहे. ऐकणाऱ्याचा हात सोडून दिलेले लेखन मात्र, विषय सोपा असला तरी, आम्ही चांगले म्हणणार नाही.

ही कसोटी दुसऱ्यांस लावताना ती स्वतःस लावणे भाग आहे. आमच्याकडे येणाऱ्या आणि आम्ही छापलेल्या लेखांत ‘करण्यात येते’चे पीक थोडे नाही. दिवसभर इंग्रजीत वा हिंदीत अचूक लिहिणारा अधिकारी रात्री मराठी लिहावयास बसला की त्यास एकाएकी समारंभाची भाषा आठवते. वास्तविक तोच मनुष्य परप्रांतातल्या आपल्या शिपायाशी, भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी बोलताना त्याचा चेहरा पाहून शब्द निवडीत असतो. ती निवड हीच खरी वाङ्मयदृष्टी, आणि ती या वाचकांना नित्याच्या गरजेने लाभलेली आहे. मराठी प्रांतात आळसाने लिहिलेले वाक्यही सभोवारच्या मराठीच्या बळावर कसेबसे पोचते. येथे तसा आधार नाही. येथे जे वाक्य आपल्याच घरातल्या मुलापर्यंत पोचले नाही, ते त्या घरात मराठीचे शेवटचे वाक्य ठरू शकते.

म्हणून आमच्या लेखकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की लिहावयास बसताना समोर एक चेहरा ठेवावा. तो शाळेत दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलीचा असो, गावी वाट पाहणाऱ्या वृद्ध वडिलांचा असो, की हाताखालच्या कारकुनाचा असो. आणि लिहून झाल्यावर एकदा पाहावे, की आपण नुसती दक्षता घ्यावयास सांगितली, की त्यास तो उंदीर दाखवला.