चंद्रावर वारा : जुन्या विज्ञानकथांची मुखपृष्ठं

आजचा विषय हसण्याचा आहे, तेव्हा मनमोकळं हसा. फक्त आपण नेमकं कशाला हसतो, एवढं अधूनमधून विचारण्याची परवानगी आम्हांला असू द्या. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची ही खोड जात नाही.

नवापूरच्या श्रोत्यांना सरहद्द नवी नाही. आपल्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. एकाच बाकावर दोन राज्यं बसतात. मुखपृष्ठ हे असंच सरहद्दीवरचं बाक. एका टोकाला लेखक, दुसऱ्या टोकाला विक्रेता, आणि मधे अंग चोरून बसलेला चित्रकार. (हशा)

आधी अमेरिकेतला मासला घेऊ, कारण तिथली चित्रं जपलेली आहेत. 1940 च्या दशकात अर्ल बर्गी नावाचे चित्रकार ‘स्टार्टलिंग स्टोरीज’, ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ अशा मासिकांची मुखपृष्ठं काढत. नायक नखशिखान्त अंतराळपोशाखात आणि शेजारी नायिका पितळी चोळीत! हवा नाही म्हणून नायकाला शिरस्त्राण. तिला मात्र श्वासाची गरजच नसावी. आता भरतमुनी काय म्हणतात पाहा. नाट्यशास्त्रात वेषभूषेचा विचार करताना ते सांगतात की, देशाला न शोभणाऱ्या वेषानं शोभा येत नाही. कंबरेची मेखला छातीवर बांधली तर हसूच येणार. बर्गींनी मुनींचं उदाहरण शब्दशः रंगवून ठेवलं, तेही पितळेत.

आमच्याकडे पितळ नव्हतं, पण हौस तीच. रघुवीर मुळगावकरांचा हात थोर. स्प्रेनं रंगवलेले त्यांचे देवदेवता घराघरांत होते आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर त्यांचीच चित्रं असत. ते लावण्य त्यांच्यामागून आलेल्यांनी उचललं आणि थेट अंतराळात नेलं. एक मुखपृष्ठ आम्हांला आजही आठवतं, नाव सांगत नाही. डोक्यावर काचेचा हंडा पालथा घातलेला नायक, मागे खड्डेवाला चंद्र, आणि नायिकेचे मोकळे केस छान भुरभुरताहेत. अहो, चंद्रावर वारा कुठला? दिवाळी अंकावरची बाई होती ती. हातातली पणती काढून घेतली आणि पाठवली चंद्रावर.

अग्निबाणाचंही तेच. टोकदार नाक, शेपटाला पर. हा आकार जर्मनांच्या व्ही-2 क्षेपणास्त्राचा. ते 1944 मध्ये हवेतून जात होतं, म्हणून त्याला परांचा उपयोग होता. निर्वातात पर काय कापणार? पण पुढे कित्येक वर्षं कुठल्याही ग्रहावर जायचं तर वाहन हेच. प्रत्यक्षात 1969 मध्ये माणसाला घेऊन चंद्रावर उतरलं ते यान चार पायांच्या स्टुलावर बोचकं ठेवावं तसं दिसत होतं.

बर्गसाँनी 1900 च्या आपल्या पुस्तकात म्हटलं की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो. आम्हांला हे इथे चपखल वाटतं. या मुखपृष्ठांत यंत्रं चुकली आहेत ही गंमत दुय्यम आहे. खरी गंमत अशी की यंत्राचं चित्र काढता काढता चित्रकाराचा हातच यंत्र झाला.

म्हणून चूक आणि आळस वेगळे धरले पाहिजेत. चेस्ली बोनेस्टेल यांनी 1944 मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी रंगवला. निळं आकाश, त्यात कडं ल्यालेला शनी. 1980 मध्ये व्हॉयेजर-1 तिथून गेलं तेव्हा कळलं की टायटनभोवती दाट नारिंगी धुकं आहे. तिथं उभं राहून डोळ्यांनी शनी दिसायचाच नाही. म्हणजे चित्र साफ चुकलं. पण ते पाहून हसू येत नाही, कारण तिथून शनी केवढा दिसेल याचा हिशेब माणसानं केला होता. उलट, 1926 च्या एप्रिलमध्ये निघालेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’च्या पहिल्या अंकावर फ्रँक पॉल यांनी शनीखाली बर्फावर घसरगुंडी खेळणारी माणसं आणि बर्फाच्या सुळक्यांवर अडकलेली जहाजं काढली. पाहताक्षणी हसू फुटतं. पण ती ज्यूल व्हर्नची धूमकेतूवरची कादंबरी आहे, आणि त्यात गोठलेला समुद्रही आहे, जहाजंही आहेत. चित्रकारानं पुस्तक वाचलेलं दिसतं! तिथं आपलं हसू घाईचं ठरतं.

मराठी चित्रकाराची अडचण आणखी वेगळी. जयंत नारळीकरांची शीर्षकं बघा: ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘वामन परत न आला’. नावं पुराणातली, मजकूर विज्ञानातला. नुसतं नाव ऐकून कुंचला उचलणारा वामनाच्या हाती छत्री-कमंडलू देऊन मोकळा होईल. पुस्तकातला वामन तर यंत्रमानव आहे. म्हणजे आमच्याकडे न वाचता काढलेलं चित्र लगेच उघडं पडतं. समीक्षकाला याहून सोपी परीक्षा कुठली?

पण परीक्षेला उत्तरपत्रिका तर हवी. सार्वजनिक वाचनालयांतली रीत तुम्हांला ठाऊक आहे. पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे. तो मुखपृष्ठ काढून टाकतो, पुठ्ठा चढवतो, कण्यावर कापड, त्यावर शाईनं दाखलक्रमांक. आत ‘मुखपृष्ठ : अमुक अमुक’ ही ओळ शाबूत, चित्र गायब. अमेरिकेतल्या बर्गींना आपण हसू शकतो, कारण कुणीतरी ती मासिकं जपली. आपल्या लोकांना हसायचं म्हटलं तर आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांच्या आठवणीवर भिस्त, आणि आठवण काय, ती केस जास्तच भुरभुरवते.

तेव्हा इथं वाचनालयाची मंडळी बसली आहेत त्यांना एक विनंती. फाटकं असलं, भयंकर असलं, नायिकेचे केस उडत असले तरी बाइंडरला सांगा, मुखपृष्ठ आतल्या बाजूनं शिवून घे. दोरा थोडा जास्त लागेल, इतकंच. आता प्रश्न विचारा.