मुलांचं नाटक लिहायचं कुणी?

परवा एका सांस्कृतिक कार्यकर्त्यानं मला उत्साहानं सांगितलं, की तंजावूरच्या मराठी घरांतल्या मुलांची भाषा सुधारायला आपण इकडून बालनाट्याच्या संहिता पाठवू या. उच्चार चुकू नयेत म्हणून सोबत ध्वनिमुद्रणही. तेव्हापासून डोक्यात तिडीक आहे. तंजावूरला नाटक पाठवायचं? सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ १८४३ साली उभं राहिलं, त्याच्या दीडशे वर्षं आधी तिथले मराठा राजे, व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी, ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीत लिहीत होते. आणि ध्वनिमुद्रण कशाला? इथल्या स्नेहसंमेलनांत जे चालतं तेच तिथं चालवायला. संवाद आधीच स्टुडिओत भरलेले, पोरं नुसते ओठ हलवतात. टाळ्यांत एखाद्याचं भान सुटलं की महाराज तोंड मिटून उभे असतात आणि त्यांची गर्जना स्पीकरमधून येत राहते. पालक तरीही मोबाइलवर चित्रण करतात, कारण पोशाख झकास असतो.

बालरंगभूमीचं सध्या बरं चाललंय, असं म्हणायची पद्धत आहे. तिकीटबारीकडे पाहिलं तर ते खरंही आहे. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली नव्यानं आलं आणि वैभव मांगल्यांच्या चेटकिणीनं थिएटरं भरली. झकास करमणूक, पण त्यात मूल असतं ते खुर्चीत. राक्षस-परी-जादूगारांच्या बाकीच्या उलाढालीबद्दल एवढंच म्हणेन, की मध्यंतरातला वडा जास्त लक्षात राहतो. ग्रिप्सचं मोल मोठं. मोहन आगाशे, श्रीरंग गोडबोले यांनी बर्लिनची ती रीत पुण्यात आणली आणि मुलांच्या तक्रारींना रंगमंच मिळाला. तिथंही मुलांच्या भूमिका मोठी माणसंच करतात, लिहितातही मोठीच. राज्य बालनाट्य स्पर्धेत मुलं काम करतात खरी, पण त्यांच्या तोंडची वाक्यं चाळिशीतल्या लेखकाची, आणि शेवटी पर्यावरणावरचं भाषण ठरलेलं. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत २०२२पासून ‘कलै तिरुविळा’ हा कलामहोत्सव भरतो. हजारो मुलांना मंच मिळतो, पण मंच मिळाला म्हणजे शब्द मिळाले असं होत नाही.

ही खोड जुनी आहे. आपल्याकडे दामुअण्णा जोशींच्या ‘बालमोहन’ या नाटक मंडळीत, तिकडे ‘मदुरै ओरिजिनल बॉइज कंपनी’त पोरांना पाठांतर आणि तालीम यांत घोटून काढत. त्यातून छोटा गंधर्व निघाले, एम. जी. रामचंद्रन निघाले. नट घडवायला ती शाळा उत्तम होती. मूल घडवणं मात्र तिच्या हिशेबातच नव्हतं, आणि आपण शाळांमध्ये नकळत त्या कंपन्याच चालवतो आहोत.

मला आशा वाटते ती दुसऱ्या वाटेवर. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा वस्त्यांतल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातले विषय स्वतः नाटकात आणले. ज्या माणसानं ‘निम्मा शिम्मा राक्षस’ लिहिलं, त्यानं उतारवयात लेखणी मुलांच्या हाती दिली, ही मराठी बालरंगभूमीतली मला सर्वांत मोठी घटना वाटते. चेटकिणीच्या पुनरागमनावर आपण रकाने भरले, याच्यावर मात्र फार थोडं लिहिलं.

आणि या वाटेला लागणारं सगळं सामान तंजावूरकडे तयार आहे. शहाजीराजांचं ‘पंचभाषाविलास’ घ्या. कृष्णावर मन जडलेल्या राजकन्या निरनिराळ्या देशांच्या, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते: तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, जोडीला संस्कृत. तंजावूरच्या मराठी घरातलं मूल आजीशी मराठी बोलतं, गल्लीत तमिळ, वर्गात इंग्रजी. आपण त्याला भेसळ म्हणतो. राजांनी तिचं नाटक केलं होतं! त्याच घराण्यातले सरफोजी दुसरे यांचं ‘देवेंद्र कुरवंजी’ त्याहून पुढचं. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीचा खेळ; सरफोजींनी तो मराठीत आणून त्यातल्या गाण्यांत जगाचा भूगोल भरला. खंड, देश, समुद्र सगळं चालीत. मुलाला पुस्तकातून डोळ्यांसमोर न येणारी पृथ्वी गळ्यातून येईल, हे एका राजाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कळत होतं. आमच्या शिक्षण खात्याला अजून कळायचं आहे.

गाण्यांचंही तेच. मराठी कीर्तनातली ओवी, साकी, दिंडी तंजावूरला गेली आणि तंजावूर कृष्ण भागवतरांनी ती तमिळ हरिकथेत मुरवली. इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी तीच साकी-दिंडी ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’मध्ये वापरली. हे साचे इतके पक्के आहेत की त्यांत कुणीही शब्द भरावेत. पाचवीच्या वर्गाला दिंडीची चाल गुणगुणून दाखवा, शब्द देऊ नका. सुरुवातीला पोरं ‘ला ला’वर रेंगाळतात. मग एक जण शाळेची बस चुकल्याची ओळ टाकतो. दुसरा ‘मात्रा जास्त झाल्या’ म्हणून भांडतो. तिसरी मधला मराठी शब्द काढून तिथं तमिळ शब्द बसवते आणि चरण नेमका भरतो. त्या भांडणात मात्रा, नाद, यमक, विनोद सगळ्याचं शिक्षण होतं. तयार समूहगीत पाठ करताना फार तर गळा तयार होतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मुलांनी लिहिलेलं कच्चं असतं. असतंच. चित्रकलेच्या तासाला आपण पोराच्या हातात रवि वर्म्याची छापील प्रत देऊन ‘हे तुझं चित्र’ म्हणतो का? मग नाटकाच्या तासालाच मोठ्यांचा मजकूर कशाला? रवींद्रनाथांनी १९०८ साली शांतिनिकेतनच्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ लिहिलं, हे उदाहरण लगेच तोंडावर फेकलं जाईल. रवींद्रनाथ असाल तर खुशाल लिहा. बाकीच्यांनी आवरावं.

दुसरा आक्षेप भाषेच्या शुद्धतेचा, आणि त्यानं खरं नुकसान होतं. साडेतीनशे वर्षं कावेरीकाठी टिकलेल्या मराठीला पुण्याचे उच्चार शिकवणं म्हणजे तिच्या तोंडावर ‘तू चुकीची आहेस’ असं सांगणं. ज्या मुलाला आपली घरची बोली रंगमंचावर चालत नाही असं कळतं, ते दुसऱ्या दिवसापासून घरीही तमिळ बोलायला लागतं. जतनाच्या नावाखाली भाषा मारायची याहून खात्रीची युक्ती नाही.

तेव्हा संहिता पाठवूच नका. पाठवायचंच असेल तर तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली शहाजी-सरफोजींची ही नाटकं शाळांना परवडतील अशा स्वस्त आवृत्त्यांत छापायला पैसे पाठवा. आणि आपल्या स्पर्धांच्या नियमांत एक कलम घाला: ध्वनिमुद्रित संवाद बाद, आणि नाटक-गाणी मुलांची नसतील तर लेखनाचं पारितोषिक नाही. शिक्षकानं ताल धरावा, मुलं अडली तर प्रश्न विचारावा, वाक्य देऊ नये. पहिली दोन वर्षं नाटकं भिकार होतील, परीक्षक कंटाळतील, पालक कुरकुरतील. होऊ द्या. आजची चकचकीत नाटकंही भिकारच आहेत. फरक एवढाच की ती मुलांची नाहीत.