दोष आढळला नाही

माझ्या २०११ सालच्या लॅपटॉपची परवा वाचाच बसली. तीही नेमकी आईच्या ओव्या लावायला गेलो तेव्हा. ओव्यांची दुसरी प्रत नाही, आणि पुन्हा म्हणायला आई नाही.

अशा वेळेसाठी लॅपटॉपच्या पोटात एक दोष शोधणारा गृहस्थ बसवलेला असतो. त्याच्या कामगिरीवर हा अभिप्राय.

सुरुवात झकास. हिरवी पट्टी सरकू लागते तशी आपली छाती धडधडते. पण मध्यंतरानंतर कथानक ढासळतं. 'आवाज शून्यावर आहे का?' नव्हता. 'ड्रायव्हर पुन्हा घालू का?' घाल बाबा! घातला. आणि शेवट काय, तर 'दोष आढळला नाही.' अहो, मग बहिरा मी झालो की काय? (सौ.चं मत तसंच आहे. पण ते फार जुनं.)

माझा आक्षेप एवढाच, की हे पात्र उंबऱ्याबाहेर डोकावतच नाही. हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकात पुष्कळदा एक इवलीशी पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते, आणि यंत्र स्पीकर बंद करतं. कचऱ्यानं ती तशीच अडकली, की यंत्राला वाटतं साहेब अजून कानाला लावूनच बसलेत! आतून पाहणाऱ्याला सगळं आलबेल.

शेवटी मीच पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली. खट् झालं. पाठोपाठ आईचा आवाज आला,

"आधी ते बंद कर बघू, मग म्हणते."