कारण आणि समर्थन : अरुण गवळी यांच्यावरील दोन चित्रपट

हयात असलेल्या गुन्हेगारावर कथा रचणाऱ्यापुढे एक अडचण प्रथमपासूनच उभी असते. कथेचा शेवट त्याच्या हाती नसतो. हॉवर्ड हॉक्स यांचा ‘स्कारफेस’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ज्याच्यावरून तो बेतला होता तो अल कपोन करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरला होता. दिग्दर्शकाने नायकाचे नाव बदलले, त्याला पोलिसांच्या गोळीबारात मारले आणि प्रश्न मिटविला. गुन्हेगारपटाला त्यामुळे शोकांतिकेचा आकार लाभला. तथापि हा आकार वास्तवातून आला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

अरुण गवळी यांच्यावरील दोन चित्रपटांना ही सोय उपलब्ध नव्हती. चंद्रकांत कणसे यांचा मराठी ‘दगडी चाळ’ २०१५ मध्ये आणि अशिम अहलुवालिया यांचा हिंदी ‘डॅडी’ २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधील हत्येप्रकरणी गवळी यांना २०१२ मध्ये जन्मठेप झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो २०२५ मध्ये. अशा रीतीने न्यायालयाचा निकाल लागलेला, परंतु आयुष्य संपलेले नाही, असा हा चरित्रविषय होय.

‘दगडी चाळ’ने या अडचणीतून काढलेली वाट चतुर आहे. कथा गवळींची नाहीच. ती सूर्या नावाच्या काल्पनिक तरुणाची आहे. अंकुश चौधरी यांचा हा सूर्या टोळीच्या जाळ्यात ओढला जातो, आणि मकरंद देशपांडे यांचा ‘डॅडी’ त्याला खालून वर पाहणाऱ्या दृष्टीने दिसतो. साहजिकच हा डॅडी कसा घडला, हा प्रश्न उद्भवतच नाही. तो प्रारंभापासून घडलेलाच आहे. तो दरबार भरवितो, न्याय देतो. चुकीला क्षमा नसल्याचे त्याचे वाक्य तर प्रेक्षकांच्या तोंडी बसले. देशपांडे यांचा संथ, जवळजवळ कंटाळलेला आवाज ही या चित्रपटातील सर्वांत भेदक गोष्ट आहे. त्या आवाजात सत्तेची सवय ऐकू येते. मात्र या दरबाराचा खर्च कोणी भरला, याचा हिशेब चित्रपट मागत नाही. गांधी टोपी घालणाऱ्या या पुरुषावरील चित्रपट २ ऑक्टोबर रोजी प्रदर्शित झाला, हा योगायोग असेल तर तो बोलका आहे.

‘डॅडी’ची रचना याहून अवघड व प्रामाणिक आहे. अनेकांच्या कथनांतून, काळाचा क्रम मोडून, गवळी यांचे चरित्र जुळविले जाते. निशिकांत कामत यांचा पोलीस अधिकारी ते तुकडे गोळा करीत राहतो. कोणताही साक्षीदार संपूर्ण सत्य सांगत नाही, ही जाणीव प्रेक्षकाला सतत होते. अर्जुन रामपाल यांनी स्वतःचे देखणेपण बाजूला ठेवून भूमिका केली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तेच या चित्रपटाचे एक लेखक व निर्माते आहेत, आणि साक्षींच्या या पद्धतीचा एक परिणाम असा होतो की निर्णयाचा क्षण, म्हणजे माणूस प्रथम ‘होय’ म्हणतो तो क्षण, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडून, आणि म्हणून अर्धवट, येतो. अनिश्चितता ही येथे कलात्मक पद्धत आहे, तसाच तो आडोसाही आहे.

या दोन्ही चित्रपटांभोवतीच्या चर्चेत एक स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते : गिरणी संपाने टोळ्या जन्माला घातल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी काम थांबविले. गिरणगाव त्यानंतर पूर्ववत झाले नाही. टोळ्यांना रिकामे हात मिळाले, हे खरे. परंतु रामा नाईक व बाबू रेशीम यांच्या ज्या टोळीत गवळी होते, तिची मुळे संपाच्या आधीची आहेत. शिवाय त्या अडीच लक्षांतील बहुतेकांनी हाती पिस्तूल घेतले नाही. कोणी गावी परतले, कोणी भाजी विकली, कोणी रखवालदारी पत्करली; बायकांनी डबे केले. बेकारीने गुन्हा ‘घडविला’ असे म्हणणारा सहानुभूतीच्या भरात या सर्वांचा अपमान करतो. कारण सांगणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे.

हा भेद जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात अधिक सूक्ष्मतेने जपला आहे. गिरणी कामगाराचे एकच घर, एकच उपासमार, आणि तरीही भावंडांच्या वाटा निराळ्या. गुंडगिरीकडे वळलेला नरू त्यांपैकी एक, केवळ एक आहे. तो अपरिहार्य वाटत नाही, कारण त्याच खोलीत इतर पर्याय श्वास घेत असतात. टोळीयुद्ध दाराबाहेर राहते, आणि म्हणूनच आत शिरणारी त्याची छाया भयंकर वाटते. याच नाटकावर आधारलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) दार उघडले गेले आणि हिंसेने पडदा व्यापला. मूळची तोलदारी तेथे ढळली.

हा प्रश्न केवळ भायखळ्याच्या चाळीपुरता नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१६ मध्ये जी सोडत निघाली, तिच्यातील २,४१७ घरे नवी मुंबईलगत, पनवेलजवळच्या कोन येथे होती. ताबा मिळण्यास त्यानंतरही कित्येक वर्षे लागली. अर्ज, पात्रतेचे पुरावे, वारसांची प्रमाणपत्रे, मोर्चे आणि पुन्हा प्रतीक्षा, असा हा प्रवास. त्यात गोळी सुटत नाही, दरबार भरत नाही, आणि पटकथाकाराला अपेक्षित असलेली नाट्यमय गती तर मुळीच नाही. डॅडीवर दोन चित्रपट निघाले, पहिल्याचा पुढील भागही २०२२ मध्ये आला. सोडतीची पावती जपून ठेवणारा त्याच गिरणीतला त्याचा समवयस्क मात्र या सर्व चित्रपटांत गर्दीच्या दृश्यापुरताच दिसतो.