वॉडिंग्टनची टेकडी आणि तिच्याखालचे दोर

मंडळी, पेशींच्या विशेषीकरणावर कुठलंही व्याख्यान ऐका, एक चित्र हमखास येतं. कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाच्या १९५७ सालच्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ या पुस्तकातलं. माथ्यावर गोटी, खाली फाटे फुटत गेलेल्या घळी. गोटी घरंगळते, एका घळीत शिरते आणि स्नायूची किंवा चेतापेशी होऊन तळाशी थांबते. चित्र देखणं आहे. आमची तक्रार त्याच्या वापराबद्दल आहे.

हे चित्र दोन गोष्टी न बोलता पटवतं. उतार आधीपासूनच ठरलेला आहे, आणि गोटीला परत चढता येत नाही. दुसरी गोष्ट प्रयोगांनीच मोडीत काढली. जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. मोजक्या अंड्यांतून का होईना, पुन्हा बेडूकमासे झाले. म्हणजे आतड्याची पेशी होताना बाकीची जनुकं फेकून दिलेली नव्हती, मिटून ठेवलेली होती. २००६ साली ताकाहाशी आणि यामानाका यांनी उंदराच्या तंतुपेशींत चारच जनुकं घालून त्यांना माथ्याजवळ नेलं. (आपल्या रक्तातली तांबडी पेशी मात्र केंद्रकच टाकून देते. तिला परतीची वाट खरोखरच नाही.)

पहिल्या गोष्टीला उत्तर खुद्द वॉडिंग्टन यांनीच दिलंय, बरं का! त्याच पुस्तकात टेकडीखालून काढलेलं दुसरं चित्र आहे. जमिनीत खुंट्या, म्हणजे जनुकं. त्यांना बांधलेले दोर वरचा पृष्ठभाग ताणून धरतात. तंबूच म्हणा ना. दोर ढिले पडले तर घळच बदलेल. पहिलं चित्र सगळे वापरतात, हे कुणाला आठवत नाही. शिवाय पहिल्या चित्रात गोटी एकटीच आहे. खरी पेशी शेजारणींच्या रासायनिक इशाऱ्यांवर आपली वाट धरते, ते इथे दिसत नाही.

हा काथ्याकूट कशाला? कारण ‘मूळपेशी काहीही बनू शकते’ हे वाक्य जाहिरातीत विकलं जातं, आणि ऐकणारे असतात आजारी मुलांचे आईबाप. अस्थिमज्जेतली रक्ताची मूळपेशी माथ्यावर नाहीच. ती अर्ध्या उतारावरची, रक्तपेशी घडवणारी. पेशी खरोखर माथ्यावर नेली, तर ती तशीच शरीरात सोडल्यास गाठ होण्याचा धोका असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडल्यास मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही.