तेलात चालणारे यंत्र

फिल्मची रिळे जाऊन डिजिटल चित्र आले, या स्थित्यंतरावरचे दोन अनुबोधपट मी लागोपाठ पाहिले. एकाने मला माहिती दिली. दुसऱ्याने माझी झोप उडवली.

पहिला ‘साइड बाय साइड’, २०१२ सालचा. क्रिस्टोफर केनीली यांच्या या पटात कीआनू रीव्ह्ज हा नट स्कोर्सेसी, लूकस, फिंचर, नोलन अशा दिग्दर्शकांना प्रश्न विचारीत हिंडतो. लूकस नव्याचा कैवार घेतात, नोलन फिल्मचा. वाद रंगतो खरा. पण तो ज्यांना निवड करता येते अशांचा वाद आहे.

दुसरा, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेलेला हा पट आपल्याच महाराष्ट्रातल्या, जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या टॉकीजचा आहे. येथे निवड कसली? नवे चित्रपट रिळांवर येईनासे झाले, की यंत्र बदलायचे नाहीतर तंबू गुंडाळायचा.

यातला प्रकाश नावाचा मिस्त्री माझ्या मनातून जात नाही. आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करता करता त्याने तेलात चालणारा एक प्रोजेक्टर स्वतःच्या अकलेने घडवला. जुने यंत्र उघडता येई, म्हणूनच हे त्याला सुचले. डिजिटल चित्रपट मात्र कुलूपबंद येतो. ठरल्या मुदतीपुरती त्याची किल्ली दूरच्या कचेरीतून मिळते. ती न आली, तर शंभर प्रकाश जमले तरी पडदा कोराच राहणार! मला वाटते, खरे नुकसान चित्राचे नाही. ते या जाणत्या हातांचे आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. दिग्दर्शकद्वयाला गंजाचा आणि धुळीतून येणाऱ्या प्रकाशझोताचा फार मोह आहे. ओरखडे पडलेली प्रत आणि उशिरा येणारी रिळे यांत प्रेक्षकाला कसले काव्य? त्याचे चेहरे येथे सुंदर टिपले आहेत. पण तंबूतून घरी जाताना तो काय बोलला, आणि पुढल्या वर्षी का आला नाही, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचे होते.

तरीही वाचकांनी हा पट अवश्य पाहावा. शोक कोणाचा करायचा, हे त्या मिस्त्रीकडे पाहिल्यावर नेमके कळते.