रथ, खूण आणि तसबीर

पेण आणि रोहा या गावांनी बेने इस्रायल समाजाला पेणकर, रोहेकर ही आडनावे दिली. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या या ज्यू समाजाच्या घरांत एक तसबीर मात्र नेहमी आढळते: अग्निरथातून स्वर्गात जाणारा संदेष्टा एलियाहू हन्नाबी. 'शेजाऱ्यांचे अनुकरण' असा तिचा उलगडा सहसा केला जातो. पेण तर गणेशमूर्तींचे गाव. मग दुसरे कारण शोधायचे कशाला? मला हा उलगडा अपुरा वाटतो.

पेणच्या कारखान्यातली मूर्ती प्राणप्रतिष्ठेने देव होते, विसर्जनाने पुन्हा माती. रोह्याचे धावीर महाराज दसऱ्याच्या सुमारास पालखीतून भक्तांच्या दारी येतात. दोन्हीकडे देव समोर आहे. एलियाहूच्या तसबिरीला प्रतिष्ठापना नाही, विसर्जनही नाही. पोहे, खोबरे, साखर आणि फळांच्या मलिद्यावर हिब्रू आशीर्वचने म्हटली जातात, ती एकाच निराकार देवाला उद्देशून.

तिचे नाते ख्रिस्ती विचाराशी अधिक जुळते. इ.स. 787 च्या दुसऱ्या निकिया परिषदेने ठरवले, की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो. आराधना केवळ देवाची. परंतु तिथला आधार वेगळा आहे. दमास्कसच्या योहानाचा युक्तिवाद असा, की देव देहधारी झाला, दिसला, म्हणून त्याचे चित्र काढता येते. ज्यू श्रद्धेत हे बसत नाही.

बेने इस्रायलांचा आधार माझ्या मते अलिबागजवळच्या खंडाळ्यात आहे. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली, अशी श्रद्धा आहे. खुणेला चेहरा नाही आणि श्रद्धेनुसार ती कुणी घडवलेली नाही. ख्रिस्ती परंपरेतही 'हातांनी न घडवलेल्या' मुखछबीचे स्थान फार वरचे. बायबलमधली घटना यार्देनपलीकडची. खडकाने ती कोकणात आणली आणि तसबिरीने घरात.

आणखी एक गोष्ट. तसबिरीत एलियाहू जाताना दिसतो. मलिद्याच्या वेळी त्याला बोलावले जाते. मूर्ती देवाला समोर आणते, ही तसबीर तो नाही हे सांगते आणि वाट पाहायला लावते.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. मलिदा तिथेही होतो. शेजार सुटला, तरी हा आचार सुटला नाही. तो नुसते अनुकरण असता, तर एवढा टिकला नसता. शेजाऱ्याच्या श्रद्धेला आपली सावली समजण्याची सवय आपण अभ्यासकांनीच सोडली पाहिजे.